बिनमालकाचा पाऊस

पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि आमच्या अंगणात सरकारी पर्जन्यमापक आला. हे सगळं एकाच आठवड्यात घडलं असं मी नातवंडांना सांगते. प्रत्यक्षात मधे काही वर्षं गेली असणार, पण मी वर्षं मोजत बसणाऱ्यांतली नाही. आमच्या घरात मोजायचं खातं बापूकाकाकडं होतं, आणि त्यानं ते इतकं मन लावून सांभाळलं की बाकीच्या सगळ्यांना जन्मभराची सुट्टी मिळाली.

बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचा, दादांचा, धाकटा भाऊ. चिकलठाण्याच्या शाळेत मास्तर. पर्जन्यमापक खरं तर शाळेतच बसायचा होता. पण तहसिलीतून आलेल्या साहेबानं शाळेच्या आवारातलं लिंबाचं झाड बघितलं आणि मान हलवली. झाड पाऊस अडवतं म्हणे. देवळाजवळ भिंत उंच होती. चावडीपुढं जागा होती, पण तिथं रोज इतकी माणसं पानं खाऊन थुंकायची की डब्यात पाऊस किती आणि चावडी किती हे ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. शेवटी साहेब आमच्या अंगणात येऊन उभा राहिला आणि त्याचा चेहरा उजळला. चारी बाजूंनी मोकळं आकाश. एक झाड नाही, एक झुडूप नाही. त्याचं सारं श्रेय आमच्या शेळीला. तिनं अंगणात हिरवं म्हणून काही जगू दिलं नव्हतं. सरकारनं आमच्या घराला जो मान दिला तो त्या शेळीमुळं, हे दादांना शेवटपर्यंत कबूल नव्हतं.

पर्जन्यमापक म्हणजे आम्हाला वाटलं होतं तोफेसारखं काहीतरी असेल. निघाला एक डबा. सिमेंटच्या ओट्यात अर्धा गाडलेला, गुडघ्याला लागेल एवढा. वर पितळी काठाचं नरसाळं, त्याचं तोंड वीतभरसुद्धा नाही. आत एक काचेची बाटली. भोवती तारेचं कुंपण आणि छोटं फाटक. सोबत काचेचं एक उभं माप. त्यात चहाचा कपभर पाणी मावायचं, आणि ते काठोकाठ भरलं की अर्धा इंच पाऊस. आमची यमुनाआत्या हे ऐकून हसत सुटली. ही आत्या हसली की पार औरंगाबादेत पाणचक्कीचा हौद डुचमळायचा. ती म्हणाली, "अरं बापू, साऱ्या गावाचा पाऊस ह्या वाटीएवढ्या तोंडातून आत शिरणार व्हय? अन् बाजूला पडला तर?"

"बाजूला पण तेवढाच पडतो, अक्का."

"तुला कोण सांगितलं? जालना रोडच्या अलीकडं पडतो अन् पलीकडं नाय, हे बैलाला पण ठावं आहे."

आज मी या चिकलठाण्यात चौथ्या मजल्यावर राहते, जिथं आमची ज्वारी होती तिथं आता गाड्या उभ्या असतात, आणि अजूनही जालना रोडच्या अलीकडं पडतो अन् पलीकडं पडत नाही. आत्याच्या या शंकेवर पुढं मोठमोठ्या शिकलेल्या लोकांनी डोकी झिजवली असं ऐकते. तेव्हा काकानं मात्र टोपी डोक्यावर चढवली. तो मोजायला लागला.

रोज सकाळी साडेआठला. पाऊस असो नसो. उन्हाळ्यात, वैशाखात, जेव्हा डब्यात एक मरून वाळलेला किडा सोडून काही नसायचं, तेव्हासुद्धा काका टोपी घालून जायचा, फाटक उघडायचा, नरसाळं काढायचा, बाटली उलटी करून हलवायचा आणि गंभीर आवाजात म्हणायचा, "निरंक." मी माप धरून उभी असायची. पाऊस असला की तो गुडघ्यावर बसायचा, एक डोळा मिटायचा आणि मापाशी नाक लावायचा. "कुशे, ध्यानात ठेव. पाणी काचेला चिकटून कडेनं वर चढतं. कडेला बघायचं नाही. कडा खोटं बोलते. मधे पाण्याचं पोट असतं, ते खाली असतं. पोटाशी बघायचं." हा नियम त्याला इतका आवडला की तो दुधाला, रॉकेलला, शेवटी शेवटी माणसांनाही लावायला लागला. आईनं विचारावं, भाऊजी, आमटीत मीठ बरं आहे ना? तर हा बोट बुडवून, डोळा मिटून सांगणार, "किंचित कमी. मोजता येण्याइतकं नाही." आई पदराआड हसायची आणि पुन्हा मीठ घालायची. मग जेवताना दादा ओरडायचे की आमटी खारट कशी.

या अचूकपणापायी काकाचं लग्न राहिलं होतं. तिशी उलटली, त्या काळी म्हणजे माणूस संपल्यातच जमा. स्थळं यायची, पण काका त्यांना खरं सांगायचा. शिक्षण? "मॅट्रिक. पण एकदा उर्दूत नापास होऊन." जमीन किती? तर हा बांध, पडीक आणि भावाचा वाटा वजा करून उरलेलं सांगणार. आणि विहिरीला पाणी? इथं तर तो उठायचाच. दोराला दगड बांधून विहिरीत सोडायचा, वर काढून ओला भाग हातानं मोजायचा आणि पाहुण्यांना दाखवायचा. आमच्या भागात तेव्हा मुलीचा बाप आधी विहीर बघायचा, मग गोठा, मग कडब्याची गंजी, आणि वेळ उरला तर नवरदेव. कोरड्या गावात पोरगी द्यायची म्हणजे तिच्या डोक्यावर जन्माचा हंडा द्यायचा. काकानं दोर मोजून दाखवला की पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे.

पिशोरचं स्थळ आणलं हमीदचाचानं. चाचाचं आमच्या शेजारी किराण्याचं आणि बी-बियाण्याचं दुकान, दादांचा लंगोटीयार. दर आठवड्याला पिशोरच्या बाजाराला जायचा आणि येताना तिथल्या हिरव्या डोंगराच्या अशा गोष्टी सांगायचा की आमची शेळी कान टवकारायची. तिथले शेषराव पाटील, त्यांची मुलगी द्वारका. चाचा काकाला एकदा तिथं घेऊन गेला. पाटील घरी नव्हते. मुलीनं पाणी आणून दिलं. काकानं सवयीनं पेला डोळ्यांसमोर धरला, एक डोळा मिटला आणि पाण्याच्या पोटाशी बघितलं. ती म्हणाली, "भरून दिलाय की, मास्तर. अजून काय बघता?"

एवढंच. पण काका परत आला तो निम्माच आला. त्यानंतर कित्येक दिवस माप घेताना तो दोन्ही डोळे मिटायचा. मी आकडा वाचायची, तो मान डोलवायचा. सरकारदरबारी त्या दिवसांचा जो पाऊस नोंदला आहे तो माझ्या भरवशावर आहे, आणि मी तो उदार मनानं वाचला आहे.

पण ते साल वाईट होतं. मृगात दोन सरी आल्या आणि पाऊस जो गेला तो परत फिरकलाच नाही. पिशोरच्या पाटलांच्या कानावर ते गेलं होतंच. तेव्हा हमीदचाचानं बाजारात सगळ्यांसमोर छाती ठोकली. "पाटील, पानी की बात आमाला नक्को विचारू, सरकारला विचारा! उनके अंगण में सरकार का यंतर है. यंतर झूट बोलता क्या?" झालं. पाटलांनी निरोप धाडला, येतो, मुक्काम करतो, यंत्र बघतो.

मग आमच्या घरात जी धावपळ झाली तशी पोलिस ॲक्शनच्या वेळी निजामाच्या फौजेची पण झाली नसेल. दादांनी वरच्या आळीतून बैलजोडी उसनी आणली. कडब्याची गंजी शेजारच्यांची, ती आमच्या हद्दीत आहे असं वाटावं म्हणून मधलं कुंपणच काढून ठेवलं. विहिरीच्या काठावर आत्यानं ओली लुगडी वाळत घातली, म्हणजे इथं पाण्याची कशी लयलूट आहे ते दिसावं. त्यातलं एक लुगडं तिनं दिवसभरात चारदा ओलं केलं. आईनं पुरण घातलं, येसराचा मसाला भाजून आमटीची तयारी केली. भाजल्या धण्या-खोबऱ्याचा वास मुकुंदवाडीच्या स्टेशनात गाडी थांबवेल असा सुटला. आणि चाचानं काकाला कोपऱ्यात घेऊन बजावलं, "बापू मियाँ, एक मेहरबानी. मुँह मत खोलो. बैल के बारे में नहीं, कडब्याबद्दल नाही, विहिरीचा तर नामच नक्को. बस मुस्कुराव."

काका म्हणाला, "विचारलं तर?"

"तो भी मुस्कुराव!"

शेषराव पाटील दुपारी आले. उंचेपुरे, मिशा पांढऱ्या, डोळे बारीक. त्यांनी लुगडी बघितली, गंजी बघितली आणि ओसरीवर टेकले. काका हसत बसला होता. इतका वेळ हसून त्याचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा दिसायला लागला. सगळं सुरळीत चाललं होतं, तर दिवस मावळताना त्या उसन्या बैलांतला एक आपल्या घरच्या वेळेला उठला, दावं तोडलं आणि आमच्या सगळ्यांच्या देखत, पाटलांच्या अगदी पुढ्यातून, शांतपणे वरच्या आळीला निघून गेला.

पाटील म्हणाले, "बैल पाव्हणा दिसतोय."

काकानं तोंड उघडलं. "व्हय, तो..." आणि त्याच क्षणी आत्यानं हातातलं पितळेचं ताट फरशीवर टाकलं. ते ताट असं वाजत राहिलं की काकाचं खरं बोलणं त्यात बुडून गेलं. ताट थांबायच्या आत आईनं पानं वाढली.

जेवणं चालू असताना गडगडलं. आम्ही सगळे हातातला घास हातात धरून वर बघायला लागलो. ढग आला होता, काळाभोर, म्हशीएवढा. वारा सुटला, मातीचा वास आला, आणि ओसरीच्या कडेला टप, टप असे थेंब पडले. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ढग तसाच पुढं सरकला आणि जालना रोडच्या पलीकडं गेला.

पाटलांनी हात धुतला. म्हणाले, "मास्तर, आता सांगायचं नाय, विचारायचं नाय. सकाळी तुमचं यंत्र उघडायचं. त्यानं पाऊस दाखवला तर बोलणी करू. नाय दाखवला तर आमची पोरगी आमच्या घरी बरी. लई लाडाची आहे, कोरड्यात टाकायची नाय मला." आणि घोंगडी घेऊन ओसरीवरच्या खाटेवर आडवे झाले. काका त्यांच्याकडं बघत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू दिवसात पहिल्यांदा उतरलं होतं आणि तो एकदम म्हातारा दिसला.

आता तांब्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हल्लीच्या फ्लॅटमधल्या वाचकांनी नाक मुरडू नये. तेव्हा तांबडं फुटायच्या सुमाराला घरातलं प्रत्येक माणूस पाण्यानं भरलेला तांब्या हातात घेऊन घराबाहेर पडायचं आणि शेताच्या वाटेला लागायचं. त्या वेळी कोणी कोणाला हटकत नाही, कुठं चाललास म्हणून विचारत नाही, समोरून आलं तर मान वळवतात. थोडक्यात, कोणालाही काही लबाडी करायची असेल तर हातात भरलेला तांब्या आहे, वर सगळं गाव नजर चुकवतंय, याहून सोयीची वेळ देवानं घडवलेली नाही.

कल्पना माझी. बाकीचे पुढं काहीही म्हणोत. रात्री थेंब पडलेच होते. ते थोडे जास्त पडले असं डब्याला वाटलं तर कोणाचं काय बिघडतं? मी तांब्या घेतला, अंधुक उजेडात कुंपणाचं फाटक उघडलं, नरसाळ्यात अगदी थोडं, घोटभर, डोळ्याला लावण्यापुरतं पाणी ओतलं आणि शेताकडं निघून गेले. परत येताना आई तांब्या घेऊन निघालेली दिसली. मी मान वळवली. पाठोपाठ दादा. मग आत्या. शेजारच्या दारातून हमीदचाचा खाकरत बाहेर पडला. सगळे लगेच परतले. मला तेवढंच नवल वाटलं, पण आदल्या रात्रीची पुरणपोळी जड झाली असेल असं मी धरलं.

साडेआठला आम्ही सगळे कुंपणाभोवती जमलो. ऊन पडलं होतं. अंगणात धूळ होती, आणि त्या धुळीत रात्रीचे थेंब देवीच्या व्रणांसारखे एकेक मोजता येत होते. पाटील मिशांवर हात फिरवत उभे. काका टोपी घालून आला. त्याचा चेहरा चुन्यासारखा. त्यानं नरसाळं काढलं, बाटली उचलली आणि ती त्याच्या हातात डचमळली. भरलेली होती. गळ्यापर्यंत.

काकानं माप भरलं. गुडघ्यावर बसला, डोळा मिटला. "अर्धा इंच," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, हे माझं. त्यानं ते मातीत ओतलं, पुन्हा भरलं. "एक इंच." हे पण माझं असेल, घोट जरा मोठा पडला. पुन्हा भरलं. "दीड." हे माझं नव्हतं. मी वर बघितलं तर आईनं पदर तोंडात घातला होता. दोन. अडीच. आईचे डोळे मोठे होत गेले आणि ती हळूच दादांकडं वळली. दादा एकाएकी आकाशात घारी बघायला लागले. तीन. साडेतीन. बाटली संपली. काकानं कपाळ पुसलं आणि बाहेरच्या डब्यात वाकून बघितलं, कारण बाटली उतू गेली की पाणी डब्यात साठतं. डबा पण भरला होता.

तो मापत राहिला. आमच्यातल्या कुणालाच कळलं नव्हतं की त्या वाटीएवढ्या तोंडात घोटभर पाणी म्हणजे सबंध शिवारावर घोटभर नव्हे. तिथं एक तांब्या म्हणजे अशी वृष्टी की नदीनं पात्र सोडावं. दर मापाला कुणाचा तरी चेहरा बदलत होता. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. हमीदचाचा पुटपुटला, "या अल्ला, मैं तो जरासाच..." आणि जीभ चावली. काकाचा आकडा अर्ध्या पावसाळ्यापर्यंत जाऊन पोचला होता, आणि आमच्या पायाखालची धूळ वाऱ्यानं उडत होती.

दादा ओठ न हलवता म्हणाले, "बापू, लिहून टाक. झाला पाऊस. ढगफुटी म्हण."

काका उभा राहिला. गुडघ्यांना माती. त्यानं एकदा आमच्याकडं बघितलं, प्रत्येकाकडं, आणि मग पाटलांकडं वळला.

"पाव्हणं," तो म्हणाला, "एवढा पाऊस पडला असता तर आपण आत्ता वाहत जाऊन पैठणच्या घाटाला लागलो असतो. काल चार थेंब पडले. ते मोजता येत नाहीत. हे पाणी पावसाचं नाय, विहिरीचं आहे. अन् विहिरीत पण आता फार राहिलं नसेल. ते कुणी वतलं, हे मी सांगणार नाय. बैल उसना होता. गंजी पण आमची नाय."

"लुगडी आमचीच आहेत!" आत्या ओरडली.

काकानं टोपी काढून हातात घेतली. सगळं संपलं होतं, हे माझ्यासारख्या पोरीलाही कळलं. आई रडायला लागली. चाचानं तोंड फिरवलं. आणि शेषराव पाटील मिशीतल्या मिशीत हलायला लागले. आधी वाटलं त्यांना राग आलाय. मग कळलं, ते हसतायत. हसता हसता खोकला लागला, तेव्हा आत्यानं धावत जाऊन पाणी आणलं. तांब्यातून. ते बघून ते आणखीनच हसले.

"मास्तर," शेवटी ते म्हणाले, "खाटेवर मला झोप लागत नसती. तांबडं फुटल्यापासून घोंगडीतून बघतोय. एक जण यायचा, फाटक उघडायचा, पाणी वतायचा, जायचा. की दुसरा हजर. आधी वाटलं, यांच्या घरी डब्याची पूजा असती." त्यांनी डोळे पुसले. "माझ्या गावाला नदी आहे. अन् माझ्या घरात हंडा उचलायला माझ्या पोरीशिवाय माणूस हलत नाय. हितं एका माणसापायी सारं घर तांब्या घेऊन उठलं, एकमेकाला न सांगता. शेजारीसुदिक. पाणी किती ते नाय बघितलं म्या. पाणी कोण आणतं ते बघितलं. बोलणी करा."

तर अशी द्वारकाकाकू आमच्या घरी आली. पाटलांचं ते वाक्य आमच्याकडं इतक्यांदा सांगितलं गेलं की ते भिंतीवर टांगायचं तेवढं राहिलं. खरी गोष्ट अशी की लग्न झालं, पाहुणे गेले, आणि सारं घर पुन्हा आपापल्या जागी बसलं. दादा ओसरीवर, आत्या उंबऱ्यात, मी कुठंही, पण विहिरीवर नाही. हंडा काकूच्या डोक्यावर. ती दोर ओढता ओढता ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्या बापानं एक सकाळ मोजली अन् सालभराची सरासरी काढली." काका तेवढं ऐकून उठायचा आणि दुसरा हंडा उचलायचा. साडेआठच्या आत, म्हणजे डब्याची वेळ चुकायची नाही. ती भरलेल्या हंड्यात वाकून बघायची. "पोटाशी कमी आहे," म्हणायची. तो परत जायचा.

एक गोष्ट मात्र घरात वर्षानुवर्षं भांडणाला पुरली. पाटील गेल्यावर, काका शाळेत असताना, आत्यानं त्या सकाळचा हिशेब लावायला घेतला. ज्यानं त्यानं आपापल्या तांब्यानं, जेवढं ओतलं होतं तेवढं पुन्हा ओतून दाखवायचं. मी माप घेतलं. माझं झालं, आईचं झालं, दादांचं झालं, आत्यानं तर अख्खा तांब्या उपडा केला होता हे तेव्हा उघडकीला आलं, चाचानं शपथेवर ओतलं. आणि तरी सकाळच्या आकड्याला दोन मापं कमी पडली. पुन्हा केलं, पुन्हा तेवढीच. इंचभर पाऊस बिनमालकाचा. आत्याचा वहीम चाचावर, चाचाचा दादांवर. शेवटी दादांनी निकाल दिला: ढग आला होता ना? मग तो त्याचा. तेवढा खरा पाऊस. काका काहीही म्हणो, देवानंही आपला तांब्या ओतलाच की. हे सगळ्यांना पटलं, आवडलंही, आणि पुढं बारशाला, मुंजीला, लग्नाला ही गोष्ट निघाली की शेवटी देवाच्या तांब्याशी येऊन हात जोडले जायचे. काका तेवढ्यात उठून बाहेर जायचा. त्याला देवाधर्माचं वावडं आहे, असं आम्ही धरून चाललो.

आता ती सगळी माणसं गेली. काका गेला, चाचा गेला, तो डबा सरकारनं कधीच उचलून नेला. उरलो मी आणि नव्वदीची काकू. तिच्या दाताचं सगळं संपलंय, जिभेचं काही संपलेलं नाही. परवा पावसाळी हवा होती, आम्ही दोघी गॅलरीत बसलो होतो, तर तिचा नातू अमोल मोबाईल घेऊन आला. "आजी, रडार बघ. आपल्यावर लाल आलंय. जोरदार चालू आहे." रडार म्हणजे लांब कुठंतरी बसवलेला एक मोठा डोळा, तो ढगावर लहरी फेकतो, त्या थेंबांवर आपटून परत आल्या की त्यावरून पाऊस किती ते ठरवतो. काकूनं गॅलरीबाहेर हात काढला. तळहात कोरडा.

"कुठाय रं?"

"वर आहे आजी, ढगात. रडारला ढगातलं दिसतं. खाली येता येता वाळून जातो कधी कधी, कधी वारा बाजूला नेतो. म्हणून तर जमिनीवरच्या पर्जन्यमापकाशी ताडून बघावं लागतं. त्याशिवाय रडारचा आकडा पक्का धरत नाहीत."

"म्हंजी अजून डबा लागतोच?"

"लागतो की. जमिनीवरचं खरं तेच सांगतो."

"अन् डब्यात कुणी पाणी वतलं तर?"

अमोल मोबाईलमधल्या लाल ढगासकट आत गेला. मी हसत म्हटलं, "काकू, आपल्या डब्यात एवढे तांबे गेले, पण तो इंचभर तरी खरा होता. देवाचा."

काकू तोंडाचं बोळकं उघडून असं हसली की मला एकदम शेषराव पाटील आठवले. "देवाचा कुठला, कुशे? तुझ्या काकाचा."

"कोण म्हणतं?"

"बाप म्हणाला. लग्नाच्या आदल्या दिवशी. म्हणाला, पोरी, सगळ्याच्या आधी नवरदेव आला. कुशे, तू यायच्या पण आधी. लई येळ उभा राहिला, मग वतलं. वतलं अन् लगेच पस्तावला. डबा उघडून परत काढाया बसला, तेवढ्यात तू आलीस तांब्या घेऊन. पळाला बिचारा. बाप म्हणाला, ह्याला तुझ्यापायी लबाडी करावी वाटली, अन् केली तर ती साडेआठपर्यंत पण टिकवता आली नाय. असा माणूस सांभाळायला सोपा असतो."

साऱ्या घराची मान ज्या एका सकाळमुळं ताठ होती ती सकाळ मी मनात पुन्हा लावून बघत होते. कुणी वतलं हे मी सांगणार नाय, असं म्हणून आमच्या प्रत्येकाकडं बघणारा काका. आम्हाला वाटलं होतं, आम्हाला वाचवतोय.

"त्याला माहीत होतं, तुला ठाऊक आहे म्हणून?"

"नाय. बिचाऱ्याला कशाला घाबरवा?"

"अन् आम्हाला तरी इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

काकूनं पुन्हा हात बाहेर काढून बघितला, तळहात निरखला, आणि लुगड्याला पुसला.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुमच्या घरात खरं बोलणारं कोण उरलं असतं?"